आंधळ्या खिडकीचा दसरा

एका दसऱ्याला मी रीतसर मुहूर्त बघून, हातोड्याला हळदकुंकू लावून, नारळ वाढवून आणि डझनभर पाहुण्यांना अंगणात उभं करून एका पेटत्या चुलीच्या धुराड्याला बाहेरून भोक पाडलं. माझ्या मते ती खिडकी होती.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण आमच्या हॅनोव्हरच्या मंडळातल्या शुभाताई हा अंक वाचणार, आणि त्यांच्या जांभळ्या पैठणीचं त्या दिवशी काय झालं हे त्या प्रत्येक हळदीकुंकवाला नव्या बायकांना सांगतात. त्यांच्या सांगण्यात धूर दरवर्षी वाढत चाललाय. गेल्या संक्रांतीला त्यात आगीचा बंबही येऊन गेला. बंब आला नव्हता. बाकी सगळं खरं आहे.

मार्क जाऊन युरो नुकताच हातात आला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी पन्नाशीला टेकले होते, म्हणजे अगदीच पोरसवदा. पन्नाशीत माणसाला सगळं कळत असतं. सत्तरीनंतर ते हळूहळू कमी होतं आणि जगणं सोपं जातं.

लोकांना वाटतं, आर्किटेक्ट म्हणजे नवी घरं काढणारी बाई. मी उलट्या बाजूची. जुन्या घरांची दुखणी शोधायची, ती बरी करायची, आणि बरं झाल्यावर घर ओळखू आलं पाहिजे हेही बघायचं, असा माझा धंदा. शिकले पुण्यात. लग्न झालं, आमच्या ह्यांना हॅनोव्हरजवळ एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि मुलं वाढवता वाढवता मी जर्मन शिकले. चाळिशी उलटल्यावर हेर ब्रांडेस, म्हणजे श्रीयुत ब्रांडेस, यांच्या लहानशा ऑफिसात चिकटले. त्यांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "उंचीची भीती वाटते का?" मी म्हटलं, अजिबात नाही. वाटत होती. अजून वाटते. पण लेले आडनाव जर्मन जिभेला इतकं सोपं जातं, की बहुधा त्यावरच मला घेतलं असावं.

दगडी घराचं एक सांगते, म्हणजे पुढचं समजेल. दगडी भिंत एकसंध नसते. बाहेरून घडीव दगडांची एक भिंत, आतून दुसरी, आणि दोघींच्या मध्ये चुना आणि दगडांचे बारके तुकडे भरलेले. मधूनमधून एखादा लांब दगड आरपार घालून दोघींना बांधून ठेवलेलं असतं. मी हे समजावताना म्हणायची, नवरा-बायकोसारखं. आमचे हे विचारायचे, मग मधले बारके तुकडे कोण? मी म्हणायची, सासरची माणसं. अशा भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानेच भरायच्या. चुना ओल पितो आणि उन्हात परत सोडतो. सिमेंट सोडत नाही, धरून बसतं, आणि थंडीत ती ओल गोठली की दगडाचे पापुद्रे निघतात. माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांनी मोठ्या प्रेमाने भरलेलं सिमेंट खरवडून काढण्यात गेलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका दंतवैद्यांना घर जुनंच हवं होतं, पण भिंती सगळ्या काटकोनात. मी त्यांना विचारलं, "तुम्ही पेशंटचे सगळे दात उपटून कवळी बसवता का?" ते म्हणाले, "परवडत असेल त्याला बसवतो." एका बाईंनी फोन करून विचारलं, की घरात भूत आहे, ते काढायचा खर्च दुरुस्तीत धरता का वेगळा? जाऊन बघितलं तर पोटमाळ्यावर मार्डर, म्हणजे मुंगसासारखा एक जर्मन प्राणी, सहकुटुंब राहत होता. बाईंना फार वाईट वाटलं. भुताचं त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

पण फ्राऊ आल्बर्स यांच्यासारखं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही.

हॅनोव्हरच्या नैऋत्येला देइस्टरचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या एका गावात सगळी घरं लाकडी चौकटीची, चौकटीत माती आणि विटा भरलेली. त्यांच्यामध्ये एकच घर नखशिखांत दगडी. गाव त्याला 'इंग्लिश घर' म्हणतं. एके काळी हॅनोव्हरचा राजा लंडनच्या गादीवर बसून इकडचा कारभार बघायचा, त्यामुळे इथल्या पैसेवाल्यांना विलायती गोष्टींचं वेड होतं. असाच कुणी एक लोकरीचा व्यापारी तिकडे राहून आला आणि तिकडच्या खेड्यात बघितलं तसंच घर त्याने इथे उभं केलं. धाटणी तिकडची, दगड मात्र देइस्टरचा. कोरडा असला की पिवळसर, पावसात भिजला की गुळाच्या ढेपेसारखा.

मी त्या घराच्या प्रेमातच पडले. छपरावर कौलं नाहीत, दगडाच्या पातळ फरश्या. खाली वळचणीला मोठ्या मोठ्या, आणि वर आढ्याकडे जाता जाता लहान होत गेलेल्या, माशाच्या खवल्यांसारख्या. खिडक्यांना उभे दगडी दांडे, त्यामुळे एकेका खिडकीची तीन तीन तावदानं झालेली. प्रत्येक खिडकीच्या वर दगडाची पुढे आलेली भुवई, भिंतीवरून ओघळणारं पाणी काचेवर न येता बाजूने जावं म्हणून. आणि बागेकडच्या उंच त्रिकोणी भिंतीत वरच्या मजल्यावर तीन खिडक्या ओळीने, त्यातली मधली आंधळी. म्हणजे भुवई आहे, चौकट आहे, उंबरठा आहे, पण आत काचेच्या जागी दगड.

फ्राऊ आल्बर्स या घरात सून म्हणून आलेल्या. मी गेले तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या होत्या, उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या, आणि दिवसभर पायात रबरी बूट. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एक भाचा, युर्गेन, म्युनिकला. आम्हाला त्यांनी छपराच्या दुरुस्तीसाठी बोलावलं होतं. घराभोवती मचाण बांधून झालं, आढ्यापर्यंत ताडपत्री लागली, आणि मी आठवड्यातून दोनदा बघायला जाऊ लागले. गेलं की आधी स्वयंपाकघरात कॉफी. बागेकडच्या भिंतीत एक भलीमोठी जुनी चूल होती, माणूस उभा राहील एवढी, आणि तिच्या पोटात नंतर कधीतरी लोखंडी शेगडी बसवलेली. त्या शेगडीवरची कॉफी प्यायले मी तिथे महिनोन्महिने.

एकदा कॉफी ओतता ओतता त्या म्हणाल्या, "छप्पर चांगलं करा, फ्राऊ लेले. नव्या मालकाला गळकं नको द्यायला."

"कोण नवा मालक?"

मग कळलं. त्यांची झोपायची खोली वर, बागेच्या बाजूला. इतकी काळोखी की वसंतात त्या तिथे अडखळून पडल्या होत्या. हात मोडला नाही एवढंच. युर्गेनने म्युनिकला आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात एक खोली बघून ठेवली होती. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. बाईंनी त्याच्याशी करार केला होता. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंट, त्यातल्या पहिल्या रविवारी तो येणार. भर दुपारी, दिवा न लावता, त्या खोलीत मावशीला वर्तमानपत्र वाचता आलं तर ती इथेच राहणार. नाही आलं तर सामान बांधणार.

"आणि येत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी रोज करून बघते. मथळ्यापर्यंतच पोचते."

उत्तर जर्मनीत त्या दिवसांत सूर्य नावापुरता उगवतो. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. मी बाईंचा हात धरला. जर्मन माणसाचा हात असा धरायचा नसतो, हे मला तोवर ठाऊक झालं होतं, तरी धरला. म्हटलं, "फ्राऊ आल्बर्स, ॲडव्हेंटपर्यंत मी तुम्हाला खिडकी देते."

ही माझी पहिली चूक. जर्मनीत जुन्या घराचा खिळासुद्धा परवानगीशिवाय कुणी कुणाला देऊ शकत नाही.

आता ती आंधळी खिडकी माझ्या डोक्यात कशी शिरली ते ऐका. कॉलेजात कधीतरी ऐकलेलं होतं, की इंग्लंडात एके काळी खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या तितका कर. म्हणून लोकांनी खिडक्या बुजवून टाकल्या. आपल्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी, तशी ती खिडकीपट्टी. घर इंग्लिश, खिडकी बुजवलेली, आणखी काय पाहिजे? मी हे सगळ्यांना सांगत सुटले. हेर ब्रांडेसना सांगितलं, गवंडी हाइन्झला सांगितलं, डेंकमालआम्ट म्हणजे जुन्या वास्तूंच्या सरकारी खात्यातल्या बाईंना सांगितलं, गावातल्या बेकरीवाल्यालासुद्धा पाव घेता घेता सांगितलं. त्या खोलीत उरलेल्या दोन खिडक्यांना बाहेरून तीन तीन तावदानं दिसायची आणि आतून एकेकच. आतल्या भिंतीला सगळीकडे गडद लाकडी फळ्या ठोकलेल्या, आणि खिडकी म्हणजे त्या फळ्यांमधला एक खोल बोगदा. बाकीची तावदानं कुठे गेली? मी तेही खिडकीपट्टीच्याच खात्यावर टाकलं.

आमच्या ऑफिसात एक साधी रीत होती. वरच्या मजल्याचा नकाशा काढला की तो खालच्या मजल्याच्या नकाशावर ठेवायचा आणि दोन्ही मिळून काचेवर उजेडात धरायचे. भिंतीखाली भिंत आहे का, तुळईचं ओझं कशावर येतं, खालून काय वर जातं, सगळं एका नजरेत दिसतं. नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. खालचा नकाशा आधी एका सहकाऱ्याने काढला होता, वरचा मी. हेर ब्रांडेस दुसऱ्या कामावर लांब होते. त्यांनी फोनवर विचारलं, "नकाशे एकमेकांवर ठेवून बघितलेत ना?"

मी म्हटलं, "या, या. गेनाऊ." म्हणजे हो, हो, अगदी. आणि बघितले नव्हते. कशाला बघायचे? मला माहीतच होतं.

सरकारी बाईंनी एवढीच परवानगी दिली, की आंधळ्या खिडकीतला एक दगड काढा, आत डोकावून बघा, फोटो काढा, मग पुढचं बोलू. जर्मन पद्धत अशी, की एखाद्या मंगळवारी सकाळी हाइन्झने येऊन दगड काढायचा, टॉर्च मारायचा आणि हात झटकून जायचं. पण पंचांगात बघितलं तर दसरा शनिवारी येत होता. नव्या कामाला याहून चांगला दिवस कुठला? शिवाय दसऱ्याला हत्यारांची पूजा असतेच. ऑफिसातला ओळंबा आणि लेव्हल मी दरवर्षी घरी नेऊन पूजायची. या वेळी हाइन्झची छिन्नी-हातोडा तिथेच पूजायचा, मंडळाच्या चार बायकांना बोलवायचं, आणि दगड काढला की त्या भोकातून फ्राऊ आल्बर्सच्या खोलीत पहिला उजेड.

आमच्या ह्यांना बेत सांगितला. ते म्हणाले, "अगं, आधी आत काय आहे ते बघ, मग नारळ फोड."

"अहो, शुभ कामात असं आधी तपासत बसत नाहीत."

"आपल्या लग्नाआधी तर बघायचा कार्यक्रम झाला होता."

"मग? काय उपयोग झाला?"

ते निमूटपणे नारळ आणायला गेले.

दसऱ्याला सकाळी छान कोरडी थंडी होती. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, पण हॅनोव्हरच्या रस्त्यांवर गिंकोची झाडं आहेत. त्यांचं पान मधोमध चिरलेलं, अगदी आपट्याच्या वळणाचं, आणि ऑक्टोबरात खरोखर सोन्यासारखं पिवळं होतं. मंडळात आम्ही तेच वाटायचो. फ्राऊ आल्बर्सच्या हातात पान ठेवून मी म्हटलं, "हे सोनं." त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "बँकेतलं सोनंही असंच हलकं झालंय," आणि जपून ॲप्रनच्या खिशात ठेवलं. शनिवार असून सरकारी बाई आल्या, कारण असा प्रकार त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. हेर ब्रांडेस पांढरा स्वेटर घालून आले. शुभाताई जांभळ्या पैठणीत आल्या आणि हाइन्झला म्हणाल्या, "भाऊ, हातोडा इकडे द्या, कुंकू लावायचंय." मराठीत. हाइन्झने हातोडा दिला आणि टोपीही काढून हातात धरली.

पाहुणे आले म्हणून फ्राऊ आल्बर्सनी सफरचंदाचा केक करायला घेतला होता. शेगडी सकाळपासून पेटलेली. मचाणावर ताडपत्री होती, तिच्या मागे वर काय आहे ते खालून दिसत नव्हतं. पण केकचा आणि जळत्या लाकडाचा वास सगळ्या बागेत दरवळत होता. शुभाताई म्हणाल्यासुद्धा, "कुठून येतोय गं हा वास?" मी म्हटलं, "घरातून."

नारळ वाढवला. हाइन्झ आणि मी मचाणावर चढलो. मी खाली बघितलं नाही. त्याने दर्जा मोकळ्या केल्या, दोन्ही बाजूंनी पहारी घातल्या आणि दगड अलगद ओढून काढला. मागे वीट!

"बघा!" मी वरून ओरडले. "विटांनी बुजवलीय!"

"एकच दगड ठरला होता," सरकारी बाई खालून म्हणाल्या.

"वीट दगडात धरत नाहीत," मी म्हटलं आणि हाइन्झला खूण केली. त्याने पहारीचं टोक लावून जरा रेटलं. वीट आत गेली.

आत गेली आणि पडत राहिली. ठक, ठक, धप्प. मग स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज. मग एक क्षण काहीच नाही. धुराडी इथे दरवर्षी साफ होतात, पण जुन्या रुंद धुराड्याच्या कानाकोपऱ्यांत ब्रश पोचत नाही, आणि तिथे त्या लोकरीच्या व्यापाऱ्यापासूनची काजळी बसलेली असावी. ती सगळी उठली आणि आमच्या भोकातून दसरा साजरा करायला बाहेर आली.

मी मचाणावर होते म्हणून वाचले, कारण ढग आधी बाहेर आला आणि मग खाली बसला. हेर ब्रांडेसचा स्वेटर, सरकारी बाईंचा कोट, शुभाताईंची पैठणी, आमच्या ह्यांचं डोकं. फ्राऊ आल्बर्स स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आल्या, हातात केकचं भांडं, आणि केकवर मधोमध रुतलेली अर्धी वीट. धुराडं अगदी सरळ होतं, हे माझ्या लक्षात आलं, वीट थेट चुलीत उतरली होती.

मग त्यांनीच विचारलं, "फ्राऊ लेले, खिडकी सापडली का?"

"तुम्ही सांगितलं का नाही, चुलीचा धूर इथून जातो?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं, आर्किटेक्ट आहेत, धुराची काहीतरी सोय केली असेल."

हेर ब्रांडेस रुमालाने चष्मा पुसत होते. चष्मा पुसून झाला, डोळ्यांवर चढवला, आणि मग अगदी शांतपणे मला म्हणाले, "आल्झो." म्हणजे 'तर मग'. "इंग्लंडच्या राजाचा खिडक्यांवरचा कर देइस्टरमध्ये वसूल करायला कोण येत होतं, फ्राऊ लेले?"

हा प्रश्न मला इतके महिने पडला नव्हता. घर इंग्लिश होतं. जमीन नव्हती.

त्या संध्याकाळी मी ऑफिसात जाऊन दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून काचेला लावले. खालची चूल आणि वरची आंधळी खिडकी, तंतोतंत एकाखाली एक. ती खिडकी कधी बुजवलेलीच नव्हती, जन्मापासून आंधळी होती. चुलीचं धुराडं भिंतीच्या मधोमध वर जातं, तिथे खिडकी ठेवता येत नाही. पण बागेतून बघताना दोन खिडक्यांच्या मध्ये नुसता दगड दिसला तर भिंत बोडकी वाटते, म्हणून तिथे खिडकीचं सोंग काढलेलं. नुसतं रूपासाठी. इंग्लिश घरांत हे सर्रास असतं, हे मला पुस्तकात शिकवलेलंही होतं. मला कराची गोष्ट जास्त आवडली, एवढंच.

सोमवारी शोर्नश्टाइनफेगर आला, म्हणजे धुराडी तपासणारा. तो पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यांत असतो, आणि त्याला हात लावला की नशीब उघडतं असं जर्मन लोक मानतात. मी दोन्ही हात लावले. त्याने चुलीला कुलूपच घातल्यासारखं केलं. धुराड्याला वरच्या खोलीच्या बाजूने तडा गेलाय का, हे बघितल्याशिवाय काडीही पेटवायची नाही. त्यासाठी त्या खोलीतल्या सगळ्या फळ्या उतरवायच्या. घरात दुसरी ऊब म्हणजे एक विजेचा हीटर. फ्राऊ आल्बर्स शेजारणीकडे राहायला गेल्या.

युर्गेनचा फोन मला ऑफिसात आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "फ्राऊ लेले, मावशी तुमच्याबद्दल फार प्रेमाने बोलते. पण आता खोली काळोखी आहे आणि घर थंडही आहे. मी आश्रमाला होय कळवू का?"

मी म्हटलं, "ॲडव्हेंटपर्यंत थांबा." आवाज पुरेसा ठाम काढला. फोन ठेवला आणि आमच्या ह्यांना लावला. "अहो, मी एका म्हातारीला घराबाहेर काढलं."

हे म्हणाले, "अजून काढलं नाहीस. जेवायला ये."

फळ्या उतरवायला हेर ब्रांडेसनी मलाच पाठवलं. "तुम्हाला आत काय आहे ते बघायची आवड आहे," म्हणाले. सरकारी बाईंनी परवानगी दिली. त्या फळ्या घराच्या वयाच्या नव्हत्या, आल्बर्सच्या सासऱ्यांनी कुठल्याशा कडाक्याच्या हिवाळ्यात ऊब टिकावी म्हणून ठोकलेल्या. सरकारी बाई स्वतः कामगाराच्या निळ्या डांगरीत मदतीला आल्या. नेहमीचा कोट अजून ड्रायक्लीनिंगला होता.

धुराड्याला तडा गेला नव्हता. आमची वीट सोडली तर ते ठणठणीत होतं. म्हणजे काम संपलं असतं. पण फळ्या काढायच्या तर सगळ्याच, म्हणून हाइन्झने डावीकडच्या खिडकीभोवतीची फळी उचकटली, आणि खोलीत उजेड पडला. दिवा लावल्यासारखा नव्हे. कुणी पडदा सारल्यासारखा.

धुराडं भिंतीच्या मधोमध आत पुढे आलेलं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना मूळच्या खोल जागा होत्या, आणि सासऱ्यांनी सगळी भिंत एका रेषेत यावी म्हणून त्या जागा फळ्यांनी झाकून टाकल्या होत्या. त्याबरोबर प्रत्येक खिडकीची दोन दोन तावदानंही झाकली गेली. ती काही राजाने घेतली नव्हती. फळ्या काढल्यावर दिसलं, की खिडकीच्या दोन्ही कडा सरळ नाहीत, आतल्या बाजूला पसरत गेल्यात, ओंजळ उघडावी तशा, आणि त्यांवर पांढरा चुना. भिंत हातभर जाड असली की खिडकीतला उजेड भिंतीतच अडकून पडतो. म्हणून त्या कडा तिरप्या आणि पांढऱ्या करायच्या, म्हणजे उजेड त्यांच्यावर आपटून खोलीभर पसरतो. ज्याने हे बांधलं त्याला बिनसूर्याच्या देशांचा चांगलाच अनुभव होता. आणि प्रत्येक खिडकीखाली दगडाची बैठक. बसून बाग बघायला.

फ्राऊ आल्बर्सना शेजारणीकडून बोलावून आणलं. त्या दारात उभ्या राहिल्या. मग रबरी बूट न काढता सरळ जाऊन त्या दगडी बैठकीवर बसल्या, आणि बराच वेळ हाताने दगड चाचपत राहिल्या.

"मी इथे नवी नवरी म्हणून आले, तेव्हापासून या बागेकडे डोकावून बघते," त्या म्हणाल्या. "बसून कधी बघितली नाही."

पुढचं सगळं झपाट्याने केलं. कडा धुतल्या, नवा चुना दिला, हाइन्झने नवी वीट घालून काढलेला दगड परत बसवला. त्या दगडाच्या कडेला काजळीचा एक डाग अजून आहे, चुन्याने जात नाही. परवा नातीला ते घर दाखवायला नेलं, तर तिने नेमकं तिथेच बोट दाखवून विचारलं, "आजी, हास्ट डू दास कापुट गेमाख्ट?" म्हणजे, हे तू बिघडवलंस का? मी मराठीत सांगितलं, "हो. आणि त्यामुळेच नीट झालं." ती नकारार्थी मान हलवून म्हणाली, "नाइन, आजी."

बरोबर आहे तिचं. माझ्यामुळे नीट झालं नाही. फळ्यांमागे डोकावायचं मला सुचायला हवं होतं, बाहेरची तावदानं मोजूनसुद्धा सुचलं नाही. मी नवी खिडकी द्यायला निघाले होते, आणि घरात आधीच असलेल्या खिडक्या मला दिसत नव्हत्या. त्यानंतर कुठल्याही घरात मी आधी चूल कुठे आहे ते विचारते. मुहूर्त नंतर.

पहिल्या ॲडव्हेंटला आभाळ ओल्या दगडासारखं करडं होतं. युर्गेन दुपारी आला. उंच, चष्मिष्ट, मावशीसारखेच खांदे. आम्ही सगळे वर गेलो. शेगडी पुन्हा पेटलेली होती. फ्राऊ आल्बर्सचा पलंग आता धुराड्याला टेकवून ठेवला होता, कारण खाली चूल पेटली की ती भिंत सबंध दिवस कोमट राहते. घरातली सगळ्यात उबदार जागा नेमकी त्या आंधळ्या खिडकीच्या मागे होती.

युर्गेनने आधी दिव्याचं बटण तपासलं. बंद. मावशी दगडी बैठकीवर बसल्या, वर्तमानपत्र उघडलं आणि मृत्यूच्या जाहिरातींचं पान काढलं.

"मावशी, दुसरं काही वाच की."

"इथली अक्षरं सगळ्यात बारीक असतात. तुला परीक्षा घ्यायची आहे ना?" आणि त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नाव, गाव, मागे कोण कोण राहिलं. एकाही अक्षरावर अडखळल्या नाहीत. फक्त मधूनमधून थांबून म्हणायच्या, "हा तर माझ्याहून लहान होता."

युर्गेन ऐकत उभा होता. मग मागे सरता सरता त्याची पाठ धुराड्याला लागली. त्याने वळून भिंतीवर हात ठेवला, दुसरा हात ठेवला, आणि पुन्हा पाठ लावून उभा राहिला. बाहेरून आलेला प्रत्येक माणूस अजूनही असाच उभा राहतो. "आल्झो," तो म्हणाला. मग विचारलं, "कॉफी आहे का?"

तो खाली गेला. मी कोट घालायला लागले. फ्राऊ आल्बर्सनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि खूण म्हणून तिच्यात ॲप्रनच्या खिशातलं गिंकोचं पान ठेवलं. ते आता पार वाळलं होतं, पण रंग तसाच होता. या वेळी त्यांनीच माझा हात धरला, आणि म्हणाल्या:

"पुढच्या वर्षी सोन्याच्या पानांच्या सणाला पुन्हा या, फ्राऊ लेले. मी इथेच असेन. केक मात्र त्या दिवशी बेकरीतून आणीन."